पीसी आपोआप रीस्टार्ट होतो, सपोर्टला नक्की काय पाठवायचं?

देवगड_दुकान: विंडोज ११ चा डेस्कटॉप दिवसातून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होतो. निळा स्क्रीन येत नाही. सपोर्टवाले ‘लॉग पाठवा’ म्हणतात. कुठल्या फायली? नेट मोबाइलचं, तेही रेंज असेल तेव्हा.

खाडीकाठ: स्क्रीनचे फोटो नकोत, फाइलच हवी. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. उजवीकडे ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’. फाइलचा प्रकार ईव्हीटीएक्सच (विंडोजच्या नोंदींची मूळ फाइल) ठेवा, टेक्स्टमध्ये काढलंत तर तपशील गळतो. मग विंडोज+आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) टाका, पीसीची सगळी माहिती उघडते; तिथे फाइल, सेव्ह, की एनएफओ फाइल मिळते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात ‘मिनिडंप’ (विंडोज कोसळताना साठवलेल्या छोट्या फायली, म्हणजे डंप) असेल तर आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, मग झिप. जागच्या जागी झिप करायला गेलात की परवानगी नाकारतो. सिस्टिम लॉगची मूळ मर्यादा २० एमबी, पण झिप झाल्यावर बराच आटतो. रेंजची काळजी नको.

माडाची_सावली: तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, डंप उडतात. आणि पाठवण्याआधी स्वतः बघा: सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१, म्हणजे पीसी नीट बंद न होता रीस्टार्ट झाल्याची नोंद. डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) ० असेल तर बहुधा वीज तुटली किंवा मशीन गोठलं. मिनिडंपही सापडणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटीचा लपंडाव असतोच, म्हणून यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस (पीसीतला पॉवर सप्लाय) आधी तपासा. रीस्टार्टच्या वेळा मेलमध्ये मिनिटासकट लिहा, नाहीतर हजारो नोंदींत शोधणार कोण?

खाडीकाठ: हो, आणि एनएफओ फाइलीत पीसीचं, युजरचं नाव असतं. सगळ्यांना दिसेल अशी लिंक टाकू नका.

देवगड_दुकान: कोड ० च आहे. उद्या यूपीएस बाजूला काढून बघतो.

माडाची_सावली: थेट भिंतीला नको, स्पाइकगार्ड लावा.