लग्न होऊन आलेल्या वहिनीचं नाव गावच्या मतदार यादीत कसं आणायचं? फॉर्म ६ की ८?

प्रश्न: वहिनीचं मतदार कार्ड माहेरचं आहे, पुसद तालुक्यातलं. आता ती आमच्या गावी, हिंगणघाट तालुक्यात आहे. सेतूवाला म्हणते, फॉर्म ६ भरा. लहान भाऊ १२ ऑगस्टले १८ वर्षांचा होते. जिल्हा परिषदेच्या मतदानात दोघंही बसतील का जी?

उत्तर १: वहिनींसाठी फॉर्म ६ अजिबात भरू नका. तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांचा. त्यात "माझं नाव इतर कुठल्याही यादीत नाही" असं लिहून द्यावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर गुन्हा होतो. माहेरचं नाव तसंच राहून दुबार नोंद होते ती वेगळीच.

त्यांना फॉर्म ८ लागतो. मतदारसंघ बदलला तरी २०२२ पासून हाच फॉर्म आहे. पण त्यात एका वेळी एकाच कारणावर खूण करता येते : स्थलांतर, दुरुस्ती किंवा नवीन कार्ड. म्हणून आधी स्थलांतर करा. ते मंजूर झालं की आडनावाच्या दुरुस्तीसाठी दुसरा फॉर्म ८ द्या. पत्त्याचा पुरावा त्यांच्या नावावर नसला तरी चालतो. त्यांचे पती, म्हणजे तुमचे भाऊ, त्याच पत्त्यावर मतदार असतील तर त्यांच्या नावाचं लाईट बिल किंवा बँक पासबुक जोडा.

सेतूत भरत असाल तर मोबाईल नंबर घरचाच टाकायला सांगा, नाहीतर ओटीपी आणि पुढचे मेसेज दुसऱ्याकडेच जातात. मराठी रकाना स्वतः वाचून घ्या. इंग्रजीत आडनाव टाकलं की मराठीत आपोआप भलतंच उमटतं, आणि यादी छापली जाते ती त्यावरूनच.

उत्तर २: लहान भावाचं सांगतो. वयाच्या अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी १८ पूर्ण असावी लागतात त्या तारखा, चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १२ ऑगस्टचा वाढदिवस म्हणजे तो १ ऑक्टोबरला पात्र. १७ पूर्ण असतील तर फॉर्म ६ आजच भरता येतो. जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि फोटो पुरे.

खरी अडचण जिल्हा परिषदेचीच आहे. राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन तिचे गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ) आणि गण (पंचायत समितीचे मतदारसंघ) पाडतो. २०२५ मध्ये ती तारीख १ जुलै होती. त्या तारखेनंतर यादीत आलेलं नाव त्या मतदानाला धरलं जात नाही. प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेता येते, पण ती चुकीचा गण पडला, लेखनात चूक झाली किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव सुटलं एवढ्यापुरतीच. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

उत्तर ३: फॉर्म भरला की काम संपत नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, घरी चौकशीला येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं घर वावरात असतं, घराला कुलूप दिसतं आणि अर्ज "पत्त्यावर आढळले नाही" म्हणून नामंजूर होऊ शकतो. बीएलओ बहुधा शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांना संदर्भ क्रमांक देऊन संध्याकाळची वेळ ठरवून घ्या. हरकतींसाठी सात दिवस द्यावेच लागतात, त्याआधी निकाल लागत नाही. नामंजूर झालाच तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

कार्ड हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. १९५० वर फोन करून किंवा मतदार पोर्टलवर यादी भाग आणि अनुक्रमांक बघून ठेवा. लोकसभा-विधानसभेला कार्ड नसलं तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा फोटोचं पासबुक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. जिल्हा परिषदेला मतं दोन द्यायची असतात, एक गटाचं आणि एक गणाचं. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा.