मिसळीच्या टेबलावर राजकारण नको, ही पाटी योग्य आहे का?

घाटवाट

गेल्या आठवड्यात गगनबावड्याहून एसटीने कोल्हापूरला परतलो आणि सवयीप्रमाणे घरी जाण्याआधी पेठेतल्या नेहमीच्या हॉटेलात मिसळ खायला बसलो. गल्ल्यामागे, अंबाबाईच्या तसबिरीखाली, नवी पाटी दिसली: 'राजकीय चर्चा करू नये. उधार मागू नये.' दुसरी सूचना पूर्वीपासूनची आहे. पहिलीने मात्र त्या दिवशी कटाची चव घालवली, हे कबूल करतो.

कारण असे, की मी नुकताच दोन तास राजकारणच ऐकत आलो होतो आणि त्यात मला काही गैर वाटले नव्हते. हंगाम चालू असल्याने साळवणपासून पुढे आमची गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत होती. पुढच्या बाकावरचे दोघे शेतकरी पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशांचा पहिला हप्ता, किती आणि बिल कधी, याचा हिशेब करत होते. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असे कायदा सांगतो, हे त्यांतल्या एकाने मोठ्या आवाजात सांगितले, तेव्हा कंडक्टरसकट अर्धी गाडी हसली. कळ्याला चहासाठी उतरलो, तर तोच विषय टपरीवाल्याने उचलला. या चहातली साखर उसाच्या दराशी बांधलेली, त्यातले दूध ज्या संघातून येते त्याची निवडणूक आमच्याकडे विधानसभेपेक्षा चुरशीची, आणि खालचा गॅस 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा, ज्याचा भाव बदलला की मिसळीचे दरपत्रक पुन्हा रंगवावे लागते. समोरच्या ताटात काय काय आले आहे याविषयी बोलायचेच नाही, तर मग जेवताना बोलायचे तरी कशाविषयी?

गल्लाकर

माझे स्वतःचे छोटे हॉटेल आहे आणि माझ्याकडेही अशीच पाटी आहे, म्हणून लिहितो. 2024 मध्ये कोल्हापूरने मे महिन्यात लोकसभेसाठी आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी मतदान केले. या दोन मतदानांच्या मधल्या एका रविवारी सकाळी माझ्याकडच्या दोन नेहमीच्या गटांत जुंपली. कोण कोणाचे काय म्हणाले ते आता मलाही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की हातवाऱ्यांत कटाची वाटी उलटली आणि ती शेजारी बसलेल्या, देवदर्शनाला आलेल्या कुटुंबातील लहान मुलीच्या फ्रॉकवर सांडली. कट गरम नव्हता, हे तिचे आणि माझे नशीब. भांडणाऱ्यांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी एकाच मोटारसायकलवरून मिसळ खायला आले. ते कुटुंब मात्र अर्धवट ताट टाकून गेले ते गेलेच.

माझ्याकडे आठ टेबले आहेत आणि रविवारी अकराच्या आत मिसळ संपते. दारात रांग उभी असताना एका प्लेटवर तासभर चाललेला वाद मला परवडत नाही. आपण ताटातल्या राजकारणाचे जे वर्णन केले ते वाचायला छान आहे, पण माझ्या अनुभवात टेबलावर उसाच्या दराची चर्चा क्वचितच होते; होते ती 'तुझा साहेब की माझा साहेब' एवढीच.

शाहूपुरीकर

गल्लाकर यांची अडचण समजते, पण ज्या गावात ही पाटी लागते आहे त्या गावाचा इतिहास पाहता ती शोभत नाही. गंगाराम कांबळे यांची हकीकत येथे बहुतेकांना माहीत असेल. राजवाड्याच्या सेवेतील या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यासाठी मदत केली. त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले, पण तेथे चहा प्यायला कोणी फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात थांबवून चहा मागवू लागले, स्वतः पिऊ लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजू लागले. 1919 मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले खरे, पण हुकूम घशाखाली उतरतो तो अशा चहाच्या कपातून. कोल्हापुरात हॉटेल आणि राजकारण यांची सोयरीक इतकी जुनी आहे, आणि आपण ती एका पाटीने मोडू पाहतो आहोत.

ताराराणी चौक

शाहूपुरीकर, उदाहरण थोर आहे, पण ते आपल्या मुद्द्याला लागू पडत नाही. महाराजांनी तेथे बसून चर्चा केली नाही, चहा प्यायला. शिवाय ज्याला बसायला जागा नव्हती त्याची जागा त्या चहाने तयार झाली. आजच्या टेबलावरच्या चर्चेने नेमके उलटे होते, असा माझा अनुभव आहे.

मी नोकरीसाठी रोज इचलकरंजीला जाते आणि आठवड्यातून दोनतीनदा स्टँडजवळच्या हॉटेलात एकटी नाश्ता करते. तेथे पाटी लागण्यापूर्वी समोरच्या टेबलावरचे चौघे आवाज चढवून बोलत असत आणि मध्येच माझ्याकडे वळून 'काय ताई, बरोबर नव्हं?' असे विचारत. त्यांना उत्तर नको असे, हलणारी मान हवी असे. मी एकदा खरे उत्तर दिले, तर पुढचा आठवडाभर मी कोणत्या पक्षाची यावर तेथे माझ्यासमोरच खल झाला. पाटी लागल्यापासून मी शांतपणे पोहे खाते. चर्चेचे स्वातंत्र्य गेले म्हणून हळहळणाऱ्यांनी, ते आधी कोणाकोणाला होते, याचाही हिशेब मांडावा.

सहलकर

प्रवास आणि राजकारण यांचा संबंध जोडायचा तर आमच्या जिल्ह्यात तो दूध संघाच्या निवडणुकीआधी निघणाऱ्या ठरावधारकांच्या, म्हणजे गावोगावच्या दूध संस्थांतर्फे मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या, सहलींतच पाहावा. घाटवाट यांची एसटी त्यापुढे फारच साधी ठरेल. हे गमतीने.

गंभीर मुद्दा वेगळा आहे. कॉलेजात असताना मी दोन वर्षे महामार्गावरच्या एका ढाब्यावर वाढपी होतो. पुण्याकडून येणारे असोत की बेळगावकडून, तांबडा-पांढरा समोर आला की पाहुणे हमखास विचारत, 'काय मग, इकडं कोण येणार?' मी प्रत्येकाला 'तुमचंच येणार साहेब' असे सांगत असे आणि टीप सगळ्यांकडून मिळवत असे. पाहुणा बिल देऊन उठतो, वाढणाऱ्याला मात्र दिवसभर तेथेच उभे राहायचे असते. पुढे मालकांनी पाटी लावली तेव्हा मला खरोखर हायसे वाटले होते.

ते फार टिकले नाही. एका दुपारी आम्ही चार पोरे भटारखान्याच्या दारात आठवड्याच्या सुट्टीविषयी बोलत होतो, की सलग दोन महिने कोणालाच सुट्टी मिळालेली नाही. मालक आले, काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पाटीकडे बोट दाखवले. आमची सुट्टी हे राजकारण आहे, हे मला त्या दिवशी समजले. म्हणून ताराराणी चौक यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते आणि तरीही पाटी पटत नाही.

गल्लाकर

सहलकर यांनी सांगितले ते वाचून वाईट वाटले. माझ्याकडे पाटी ग्राहकांसाठी आहे, पोरांसाठी नाही. पण ती वाचणाऱ्याला हे कळावे कसे, याचा विचार मी केला नव्हता, हे मान्य करतो. तरीही पाटी काढणार नाही. रविवारच्या गर्दीत कोणत्या टेबलावर मुद्द्याचे बोलणे चालले आहे आणि कोठे नुसतीच हमरीतुमरी, हे निवडत फिरायला मला वेळ नसतो.

घाटवाट

ताराराणी चौक यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. एसटीत अर्धी गाडी हसली असे मी लिहिले, पण उरलेली अर्धी गप्प का होती, हे मी पाहिले नाही. माझा विरोध आता पाटीला नाही, तिच्यातल्या शब्दाला आहे. त्रास आवाजाचा असेल तर 'आवाज चढवू नये' असे लिहावे आणि परक्या टेबलावरच्या माणसाला वादात ओढण्याचा त्रास असेल तर तसे लिहावे. 'राजकीय' या एका शब्दात सहलकरांची सुट्टीही येते आणि त्या दोन शेतकऱ्यांचे 14 दिवसही.

ताराराणी चौक

'शेजारच्या टेबलाला त्रास देऊ नये' एवढे लिहिले तरी माझे काम भागेल.

गल्लाकर

ते लिहिता येईल. 'आवाज चढवू नये' मात्र कोल्हापुरात लिहून उपयोग नाही. आमच्याकडे दोन मित्र एकमेकांची खुशाली विचारत असले तरी पुण्याच्या पाहुण्यांना भांडण लागल्यासारखे वाटते आणि ते घाईघाईने बिल मागतात. नवी पाटी दिवाळीच्या रंगकामात करून घेईन. उधारीची ओळ आहे तशीच राहील, त्यावर चर्चा नको.