चढणीच्या माशांसाठी सल्लागार गट हवा, की वेळेवर बरगे काढणारा माणूस?

ओहोळ (धागाकर्ता)

मृगाचा पहिला पूर आला की कोकणात मासे चढायला लागतात. दक्षिणेत चढण म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगण. नदीतला मासा प्रवाहाच्या उलट अंगाने व्हाळात म्हणजे ओढ्यात, तिथून शेतात शिरतो, उथळ गढूळ पाण्यात अंडी घालतो आणि पाऊस ओसरताना पिल्लं खाली येतात. या वाटेवर आपण गेल्या काही दशकांत कोल्हापुरी बंधारे, सिमेंट नाला बांध, फरशी पूल आणि रस्त्याखाली ह्यूम पाइपच्या (काँक्रीटच्या नळ्यांच्या) मोऱ्या घालून ठेवल्यात. मोठ्या धरणावर मोर्चा निघतो, या चार-सहा फुटी भिंतींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जलयुक्त शिवारमध्ये तर एकाच ओढ्यावर साखळीने बांध घातले गेले. एक मासा त्यातले किती चढणार?

न्यूझीलंडमध्ये 'फिश पॅसेज ॲडव्हायजरी ग्रुप' नावाचा स्वयंसेवी गट आहे. नदीवर काही बांधायचं असेल तर मासा पलीकडे कसा जाईल, हे सांगणारी माणसं. तिथल्या 'निवा' या संशोधन संस्थेने आणि संवर्धन खात्याने २०१८ साली यावर मार्गदर्शिका काढली, त्यामागे हा गट होता. आपल्याकडे निदान रत्नागिरी-सिंधुदुर्गापुरता असा गट का असू नये? दोन-तीन अभियंते, प्राणिशास्त्राचे एक-दोन प्राध्यापक आणि निम्मे तरी नदीत उतरणारे मासेमार. पगार नाही, अधिकारही नाही. नुसता सल्ला द्यायचा, पण काँक्रीट ओतायच्या आधी.

माजी_उपअभियंता

कोल्हापुरी बंधारा तुम्ही खलनायकांच्या यादीत पहिला घातलात. त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवायच्या लोखंडी फळ्या, पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस गेला की घालतात. म्हणजे तुमचा मासा चढतो तेव्हा दोन खांबांमध्ये मोकळा गाळा असतो. जी भिंत त्या वेळी उभीच नसते, तिच्यासाठी सल्लागार कशाला?

दुसरं, माशांची शिडी (मासे टप्प्याटप्प्याने चढावेत म्हणून भिंतीला बांधलेल्या पायऱ्या) वगैरे फोटोत छान दिसते. कोकणच्या पुरात ओंडके, बांबू, दगडगोटे वाहत येतात. पहिल्याच पावसात शिडी गच्च भरेल. ती साफ कोण करणार? देखभालीला पैसे नसतात म्हणून आहेत ते बंधारेच गळतात, हे आधी बघा.

ओहोळ

साहेब, बरगे काढायचे असतात हे खरं, पण ते खरोखर काढतात किती ठिकाणी? गंजून खाचेत अडकलेले असतात, नाहीतर काढणारं कुणी नसतं. बरेचदा पहिला पूर येऊन गेल्यावर जाग येते. आणि मासा चढतो तो पहिल्याच पुरात.

बरगे निघाले असं धरून चाललो तरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला तळफरशी असते. तिच्या पुढची माती पुरात खरवडून जाते आणि फरशीची कड हवेत राहते. तेवढी पायरीसुद्धा छोट्या माशाला पुरे. शिवाय गाळ्यांत पाणी आवळलं जातं, वेग वाढतो, फरशी गुळगुळीत असल्याने दम खायला आडोसा नाही. पिल्लं परतण्याचा काळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि आपण बरगे घालतो तेव्हाच.

शिडी मागितलीच नाही मी. खालच्या बाजूने दगड रचून उतरण करा, एवढंच म्हणणं आहे.

मालवणी_मामा

तुमचा सगळा बरा आसा, पण चढणीचे मासे आमी खातंव म्हणान तुमच्या पोटात कित्याक दुखता? बंधाऱ्याखाली मासो अडाकता म्हणानच पागाक गावता. आज सल्लो देतले, उद्या बोर्ड लावतले 'मासेमारी करू नये', परवा दंड. शहरातली माणसा आमच्या व्हाळात इली की आमका कायदो शिकवतत.

शेवंती

मामा, राग समजू शकते. पण जी गोष्ट तुम्हाला फायद्याची वाटते तीच खरी अडचण आहे. मोकळ्या व्हाळात तुम्ही पाग (फेकायचं जाळं) टाकला तर काही मासे सापडतात, काही निसटून वर जातात, आणि पुढच्या वर्षाची सोय होते. भिंतीखाली सगळे एका जागी गोळा होतात, तेही गाबोळीने (अंड्यांनी) भरलेले. तिथे निसटायला वाटच नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती प्रजननासाठीच ना? व्हाळावर कुणी बंदी घाला म्हणत नाहीये. वाट मोकळी ठेवा म्हणतोय.

आता धागाकर्त्यालाही थोडं. प्रत्येक अडथळा काढायच्या लायकीचा नसतो. खालच्या तळ्यात चिलापी किंवा थाई मांगूर असा बाहेरून आणलेला मासा असेल तर वरच्या ओढ्यातल्या देशी माशांना तीच भिंत वाचवत असते. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेला ट्राउट वर जाऊ नये म्हणून काही ठिकाणी अडथळे मुद्दाम राखतात, नवेही घालतात. तेव्हा गट झाला तर त्याला 'इथे हात लावू नका' म्हणायचीही हिंमत हवी. भिंत फोडायच्या उत्साहात हे राहून जातं.

तिरकस

शिडीवाल्यांसाठी दोन उदाहरणं. गंगेतली हिल्सा पूर्वी अलाहाबादपर्यंत चढत असे. १९७५ साली फरक्का बराज सुरू झाला आणि वरच्या गंगेतली हिल्सा जवळजवळ संपली. थायलंडच्या मुन नदीवर १९९४ साली पाक मुन धरण पूर्ण झालं, जागतिक बँकेचा पैसा होता, माशांची शिडीही बांधली. मेकाँगमधून येणारे मासे ती चढलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. पुढे २००१ मध्ये लोकांच्या रेट्यामुळे दरवाजे वर्षभर उघडे ठेवले, तेव्हा मासे परत आले.

दरवाजे उघडले की मासे येतात. त्यासाठी समिती नको, उपसमिती नको. बंधाऱ्यावर बरगे काढायला एक माणूस आणि त्याची मजुरी, संपला विषय. बाकी सगळं सेमिनार आणि फाफडा-जिलेबी.

ऑकलंडकर

मी इथे नोकरीला आहे, मूळचा देवगडचा. ओढ्यांवर काम करणाऱ्या स्थानिक गटात अधूनमधून जातो, म्हणून लिहितो.

इथे मोरी हा फार मोठा विषय आहे. रस्त्याखालून पाइप टाकला की त्याच्या तोंडाशी पाणी पडून खड्डा होतो आणि पाइप अधांतरी लटकतो. इनांगा नावाचा बोटभर मासा आहे, त्याला चढता येत नाही. पाणी काही इंच खाली पडत असलं तरी त्याची वाट बंद. उलट इथल्या ईलची (सापासारख्या लांब माशाची) पिल्लं ओल्या भिंतीवरूनही चढतात. म्हणून पाइपातून जाडे, केसाळ दोर सोडतात, शिंपल्यांच्या शेतीत वापरतात तसे. त्याला धरून चढणारे मासे चढतात. न चढणाऱ्यांना दोराचा तसा उपयोग नाही, त्यांच्यासाठी दगडांची उतरणच लागते. हा फरक रस्त्याच्या ठेकेदाराला कोण सांगणार? तिथे सल्ला लागतो. तिरकसरावांचा एक माणूस बरगे काढेल, पण मोरीला बरगे नसतात.

पण इथल्या सल्ल्यामागे कायदा आहे. १९८३ च्या गोड्या पाण्यातील मासेमारीच्या नियमांनुसार माशांची वाट अडेल अशी मोरी संवर्धन खात्याच्या परवानगीशिवाय बांधता येत नाही. गटातली माणसंही प्रादेशिक कौन्सिलं, संशोधन संस्था, खाती अशा ठिकाणची आहेत. गटात जे ठरतं ते सोमवारी त्यांच्याच टेबलावर येतं. नुसती हौशी मंडळी जमवलीत तर तो अजून एक व्हॉट्सॲप ग्रुप होईल.

गावपाटी

नवीन गट कशाला? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आमच्याकडे आहे. नोंदवही आहे, त्यात माशांची यादीही आहे. ती यादी शेजारच्या गावाच्या वहीतून उतरवलेली आहे ही गोष्ट वेगळी. समितीला विचारून बंधारा बांधला, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

आणि महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. देवाचे मासे म्हणून तिथला म्हसीर कुणी मारत नाही. कुठला सल्लागार नेमला होता?

शेवंती

वाळणकोंडीत डोह राखला गेला, आणि तो भक्तीने राखला हे कबूलच. पण म्हसीर म्हणजे काही आयुष्यभर डोहात बसून राहणारा मासा नव्हे. अंडी घालायला त्याला वर वाहतं, गोट्यांचं पाणी लागतं. डोह सुरक्षित आणि वाट बंद, हे कसं चालेल?

आणि अहिर, म्हणजे आपल्याकडचा ईल, विसरू नका. तो नदीत वाढतो पण अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची सुतासारखी पिल्लं खाडीतून वर येतात. त्याच्यासाठी खाडीकडून पहिला बंधारा सगळ्यात महत्त्वाचा. तिथून वर नदी कितीही चांगली असली तरी त्याला काय तिचं?

मालवणी_मामा

अहिर आता दिसना नाय, ह्या खरा. माझो बापूस सांगायचो, हाताएवढो जाडो गावायचो. पण तो बंधाऱ्यान गेलो की ब्लिचिंग पावडरीन, ता कोण सांगतलो? रात्री येवन पावडर टाकणारे तुमच्या गटाक इचारून टाकतले काय?

ओहोळ

मामा, पावडर टाकून मासे मारणाऱ्यांना गट अडवू शकणार नाही, ते पोलिसांचं आणि गावाचं काम. पण पावडर टाकणारे आहेत म्हणून मोरी उंच बसवायची का? आणि हे जे तुम्ही सांगताय, कुठल्या व्हाळात काय दिसायचं आणि कधीपासून दिसेनासं झालं, हे कुठल्याच नकाशावर नाही. म्हणून तर निम्मे मासेमार म्हटलं. तुम्ही नसाल तर त्या गटात मला रस नाही.

गावपाटी, समिती कायद्याने आहे हे उत्तमच. तिच्या ठरावाला जोड म्हणून गटाचं एक पानी टिपण गेलं तर? ऑकलंडकर म्हणतात तो कायद्याचा आधार थोडा तरी तिथून मिळेल.

माजी_उपअभियंता

दगडाच्या उतरणीला माझा विरोध नाही. उलट तळफरशीपुढची खरवड थांबते, तो बंधाऱ्याचाच फायदा. असं मांडलंत तर कार्यकारी अभियंताही ऐकेल. माशांचं नाव दुसऱ्या परिच्छेदात घ्या.

पण वेळ पाळा. अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीला जायच्या आधी टिपण आलं पाहिजे. निविदा निघाल्यावर आलात तर चहा मिळेल, नकाशात रेघ बदलणार नाही. आणि शेवंतीताई म्हणाल्या त्याप्रमाणे खाडीकडून पहिला बंधारा घ्या, तोही एकच. सगळं कोकण एकदम अंगावर घेऊ नका.

ओहोळ

मान्य. एक विचारतो. मोरीचा पाइप ओढ्याच्या तळापेक्षा फूटभर खाली गाडायचा, म्हणजे आत गोटे-वाळू बसून तळ नैसर्गिक राहील. त्याला वेगळी मंजुरी लागते का?

माजी_उपअभियंता

वेगळी नाही. खोदाई वाढते आणि पाइप एक आकार मोठा घ्यावा लागतो, कारण गाडलेला भाग पाणी वाहून न्यायला मिळत नाही. जांभा असेल तर फार खर्च नाही. खाली काळा कातळ लागला तर मात्र ब्रेकर लावायचा आयटम घालावा लागेल, म्हणून आधी तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घ्या.