मराठेशाहीच्या कालरेषेवर कालखंड कसे दाखवावेत? मदत हवी आहे

वर्गाच्या भिंतीसाठी १६३० ते १८१८ या काळाची कालरेषा मी तयार करीत आहे. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक किंवा १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई ठिपक्याने दाखवता येते. अडचण कालखंडांची आहे, कारण छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीतच (१७०८–१७४९) पहिल्या बाजीरावांची पेशवाई (१७२०–१७४०) येते आणि पट्टे एकमेकांवर चढतात. छत्रपती वर व पेशवे खाली, असे दोन पट्टे ठेवावेत असे मला वाटते (नुसते रंग बदलून मागच्या बाकावरून काही कळत नाही). शिवाय १६७४ ते १६८९ या वर्षांत नोंदींची इतकी दाटी होते, की वर्षाला एक सेंटिमीटर हे प्रमाण अपुरे पडते. प्रमाण मध्येच बदलणे पटत नाही. मग तेवढा भाग स्वतंत्र पट्टीवर मोठा करून दाखवावा का?