मदत हवी आहे: वडिलांना घेऊन डक्सफर्डचं विमान संग्रहालय बघायचंय, आखणी कशी करू?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आईबाबांना घेऊन भावाकडे लंडनला जायचं ठरलंय. आईची यादी लांबलचक आहे, बाबांच्या यादीत एकच नाव आहे: डक्सफर्ड. इम्पिरियल वॉर म्युझियमने आपली ऐतिहासिक विमानं केंब्रिजच्या दक्षिणेला ज्या जुन्या हवाई तळावर जपून ठेवली आहेत, ती जागा. तिथे जाऊन आलेल्यांनी, किंवा त्या भागात राहणाऱ्यांनी, कृपया मार्गदर्शन करावं.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे नेमकं काय हवंय ते कळेल. बाबा भारतीय हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे तंत्रज्ञ, होते आणि त्यांच्या नोकरीचा मोठा काळ कॅनबेरा बाँबरवर गेला. आमच्या घरात विमानांच्या गोष्टी वैमानिकाच्या बाजूने कधी ऐकायला मिळाल्या नाहीत. हायड्रॉलिकची गळती, चाकांच्या कप्प्यात वाकून शिरणं, काडतूस फोडून एव्हॉन इंजिन सुरू केलं की टारमॅकवर पसरणारा काळा धूर आणि त्याचा तो वास, 'एफ ७००'वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही केल्यावर विमान सुखरूप परत येईपर्यंत जिवाला लागलेला घोर, हे सगळं आम्ही ऐकत मोठे झालो. ते नोकरीला लागले तेव्हा १९६१ साली दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकायला गेलेल्या कॅनबेरांची देखभाल केलेले सीनियर अजून नोकरीत होते. २००७ साली आपल्याकडे कॅनबेरा निवृत्त झालं, त्या दिवशी बाबा फारसे बोलले नाहीत.

आता ते ऐंशीला टेकलेत. गुडघे दुखतात. सपाट जमिनीवर हळूहळू चालतात, पण जिना चढायचा म्हणजे त्रास. दिवसभर फिरणं त्यांना झेपणार नाही हे मला दिसतंय आणि त्यांना ते मान्य नाही.

मी जे वाचलं त्यावरून कळलं की हा तळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान सगळ्यात आधी इथल्याच १९ नंबरच्या स्क्वॉड्रनला मिळालं, आणि १९४३ पासून अमेरिकेचा ७८वा फायटर ग्रुप इथून उडत होता. म्हणजे ही विमानं कुठल्या तरी इमारतीत आणून मांडलेली नाहीत, त्यांतल्या काहींची ही खरीखुरी कामाची जागा होती. बाबांना याचंच अप्रूप जास्त आहे.

माझी मुख्य अडचण क्रमाची आहे. हँगर बरेच आहेत आणि अंतरं मोठी दिसतात. बाबांची ताकद टिकून आहे तोवर कुठे जावं आणि काय सोडून द्यावं? व्हीलचेअर मिळते का? (ते आधी नाही म्हणतील, ते मी बघून घेईन.) विमानांच्या कितपत जवळ जाता येतं? त्यांना विमान खालून बघायचंय, लांबून दोरीपलीकडून बघून त्यांचं समाधान होणार नाही. आणि एअर शोच्या दिवशी जावं की साध्या दिवशी? भाऊ म्हणतो शो बघायलाच हवा, मला गर्दीची धास्ती वाटते.

प्रतिसाद

ताई, मी केंब्रिजजवळ राहतो, मुलांना घेऊन बऱ्याचदा जाणं होतं. शोच्या दिवशी अजिबात नेऊ नका. त्या दिवशी सगळी मजा उघड्या मैदानात उभं राहण्यात आहे आणि हँगर बघायला उसंत मिळत नाही. साध्या दिवशी, त्यातही शाळा सुरू असतानाचा मधला वार निवडा. हवा चांगली असेल तर साध्या दिवशीही एखादं स्पिटफायर धावपट्टीवरून उडताना दिसतं, कारण खाजगी मालकीची, उडत्या अवस्थेतली जुनी विमानं याच तळावर ठेवलेली असतात. 'सॅली बी' हे बी-१७ जातीचं जुनं अमेरिकन बाँबरसुद्धा तिथलंच.

सगळं एका रांगेत धावपट्टीला समांतर आहे. प्रवेशाजवळ 'एअरस्पेस' हा अवाढव्य हँगर, मग जुने हँगर, आणि पार पश्चिमेच्या टोकाला अमेरिकन एअर म्युझियम व रणगाड्यांचं दालन. लोक उत्साहात आधी टोकाला जातात आणि परतताना थकतात. तुम्ही एअरस्पेसपासून सुरुवात करा. तुमच्या बाबांचं कॅनबेरा तिथेच आहे. व्हीलचेअर तिथे वापरायला मिळते पण मोजक्याच असतात, म्हणून आधी फोन करून सांगा. भाऊ गाडीने आणणार असेल तर एम-११ महामार्गाच्या दहा नंबरच्या जंक्शनला लागूनच आहे. रेल्वेने यायचं तर लिव्हरपूल स्ट्रीटहून व्हिटल्सफर्ड पार्कवे आणि तिथून टॅक्सी. ते अंतर बाबांना चालण्यासारखं नाही.

प्रतिसाद

मीही हवाई दलातून निवृत्त, इंजिन फिटर. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. डक्सफर्डचं कॅनबेरा बी-२ आहे, आपल्याकडची बाँबर बी(आय)-५८. बी-२ ला मधोमध घुमटासारखी कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक आवरण) असते, आपल्या विमानाची फायटरसारखी, डाव्या बाजूला सरकलेली. त्यांना ते लांबूनच दिसेल आणि क्षणभर हिरमोड होईल. पण पंख, नॅसेल (इंजिनाचं आवरण), बाँब बे (पोटातला बाँबचा कप्पा) ओळखीचेच वाटतील.

त्याच हँगरमध्ये टीएसआर-२ आहे, ते चुकवू नका. कॅनबेराची जागा घेण्यासाठी ब्रिटिशांनी बनवलेलं हे विमान. एप्रिल १९६५ मध्ये सरकारने कार्यक्रमच रद्द केला; एकच नमुना प्रत्यक्ष उडाला होता, इथे आहे तो वेगळा, कधीच न उडालेला. आणि ज्याला निवृत्त करायचं होतं ते कॅनबेरा ब्रिटनमध्ये २००६ पर्यंत सेवेत राहिलं, आपल्याकडे त्याहून एक वर्ष जास्त. १९४९ साली पहिलं उड्डाण केलेल्या विमानाला दुसरं कोणतं प्रमाणपत्र हवं? पन्नास वर्षं ते उडतं ठेवलं कोणी, हे वडिलांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतर त्यांना पाच नंबरच्या हँगरमध्ये न्या. तिथे जतनाचं काम लोकांसमोर चालतं. पत्रे उघडलेले, आतली वायरिंग बाहेर, अवजारांच्या पेट्या शेजारी. आपल्यासारख्या माणसाला चकचकीत रंगवलेल्या विमानापेक्षा उघडलेलं विमान जास्त बोलकं वाटतं. काम करणाऱ्यांत स्वयंसेवक बरेच असतात. त्यांना 'मी कॅनबेरावर फिटर होतो' एवढं म्हणू द्या, पुढचा तासभर तुमची गरज लागणार नाही.

प्रतिसाद

अमेरिकन दालन टोकाला आहे म्हणून गाळू नका, व्हीलचेअरने न्या. नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेली ही इमारत १९९७ साली उघडली आणि तिचा आकार आतल्या बी-५२ या बाँबरच्या ५६ मीटर रुंद पंखांवरून ठरला. आत शिरलं की त्या विमानाचं नाक थेट समोर येतं आणि दोन्ही बाजूंनी उतार खाली जातात, पायऱ्यांची गरज पडत नाही. वर टांगलेली विमानं उतरता उतरता खालून दिसतात, म्हणजे तुमच्या बाबांना हवी तशीच. एसआर-७१ हे टेहळणी विमानही आहे. जुलै १९७६ मध्ये २५,९२९ मीटर उंचीवर सलग उडण्याचा विक्रम केला तेच हे विमान.

आत जाण्यापूर्वी वाटेवरच्या काचांपाशी मात्र थांबा. ५२ काचा आहेत आणि त्यांवर ७,०३१ छोट्या विमानाकृती कोरल्या आहेत, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या तळांवरून गेलेली आणि परत न आलेली अमेरिकन विमानं. रांगाच रांगा. माझ्या सासऱ्यांनी तिथे प्रत्येक विमानामागे किती माणसं असतील याचा हिशेब मांडायला सुरुवात केली आणि मग मध्येच सोडून दिला.

प्रतिसाद

वेळ उरला तर १९४० चा ऑपरेशन्स रूम, म्हणजे जिथून हवाई लढाईचं नियंत्रण व्हायचं ती खोली, बघा. त्या वर्षी भारतातूनही २४ वैमानिक ब्रिटनला आले होते, त्यांतले महिंदर सिंग पुजी पुढे ब्रिटनमध्ये हरिकेन हे लढाऊ विमान उडवत होते. ग्रेव्हजेंडला २०१४ पासून त्यांचा पुतळा आहे. डक्सफर्डला हरिकेन बघताना बाबांना हे सांगा.

दुसरा दिवस काढता आला तर लंडनमध्येच हेंडनला रॉयल एअर फोर्स म्युझियम आहे, प्रवेश मोफत, नॉर्दर्न लाइनवरचं कोलिंडेल स्टेशन जवळ. सगळं एका दिवसात कोंबू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एअर शो रद्द, भावालाही पटलं. सकाळी एअरस्पेस, कॅनबेरा आणि टीएसआर-२, मग पाच नंबर, जेवण, आणि दुपारी व्हीलचेअरवरून अमेरिकन दालन. रणगाडे सोडले. हेंडन वेगळ्या दिवशी.

कॅनोपीचं बाबांना काल सांगितलं. "बी-२ का? मग नॅव्हिगेटर मागे बसतो, नाकात जायला वाट वेगळी," म्हणाले आणि कागदावर आकृती काढून दाखवली. आता ते स्वयंसेवकांना काय काय विचारायचं याची यादी करत बसलेत.

एकच शंका उरली. एअरस्पेसमधल्या कॉनकॉर्डच्या आत जाता येतं असं वाचलं. आईला ते बघायचंय आणि बाबाही चढतो म्हणतात. जिना किती उभा आहे, आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा आहे का? आतून अरुंद असेल तर मध्येच मागे फिरता येतं का? हल्लीच जाऊन आलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.