नाताळची मुलांची पार्टी: ५२ भेटी, एक सांता, रांगेचं काय?

मुलांचा विभाग:

मंडळी, नमस्कार.

नावं ५२ झाली, यादी बंद. हॉलला ५ वाजता कुलूप लागणार, म्हणजे साडेचारला मुलं पालकांच्या हाती. ३ पर्यंत येशूच्या जन्मकथेचा खेळ, साडेतीनपर्यंत खाऊ, हे फादरांशी ठरलंय. अडलंय भेटींपाशी. नाव पुकारायचं, मूल उठून येणार, पिशवीत भेट शोधायची, फोटो, मूल परत जाणार: एकाला सव्वा मिनिट धरलं तरी ५२ जणांना ६५ मिनिटं. आपल्याकडे आहेत ६०. मागच्या वेळची रांग सगळ्यांना आठवत असेल, ती पुन्हा नको. आजच्या आज सुचवा.

खरेदी:

ताई, सांताला बसवूच नका, फिरवा. वयानुसार चार सतरंज्या घाला: ३ वर्षांखालची, ३ ते ५, ६ ते ८, ९ च्या वरची. प्रत्येक सतरंजीला एक पोतं आणि एक स्वयंसेवक. सांता जाईल, बसेल, तेरा-चौदा भेटी देईल, एक गटफोटो, पुढची सतरंजी. एका ठिकाणी ८ मिनिटं, एकूण ३२. शिवाय पोती वयानुसार वेगळी राहिली की लहान भागांचं खेळणं तान्ह्याच्या हातात जाण्याची भीती नाही.

मंचव्यवस्था:

पोती वेगळी करायची हे बरोबर. पण सांता फिरवायला माझा विरोध आहे. तो एका सतरंजीपाशी पोचला की उरलेल्या तीन रिकाम्या होतात, सगळी मुलं त्याच्याभोवती. मग कोण कुठल्या वयाचं, काही कळत नाही.

सव्वा मिनिट नेमकं जातं कुठे ते पाहा. मुलाला वेळ लागत नाही. वेळ जातो भेट शोधण्यात आणि फोटोवाल्याने ‘इकडे बघ’ म्हणण्यात. म्हणून तीन माणसं लावा. पहिला पोत्याशी, भेटी यादीच्या क्रमाने आधीच लावलेल्या. दुसरा सांताच्या खुर्चीपासून चार पावलांवर, जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून पुढचं मूल तिथे आधीच उभं करणारा. तिसरा मूल उतरल्यावर दुसऱ्या बाजूने बाहेर काढणारा. येण्याची आणि जाण्याची वाट एकच ठेवली की तिथेच गर्दी होते. एवढं केलं तर एकाला अर्धं मिनिट, ५२ जणांना २६ मिनिटं. मंच आमच्याकडे आहे, तेव्हा खुर्ची कुठे हे आम्ही ठरवू.

यादी आणि नोंदणी:

दादांच्या ‘यादीच्या क्रमाने’वर. रिबिनीला अडकवलेली चिठ्ठी पोत्यात हमखास सुटते. क्रमांक जाड मार्करने कागदावरच लिहा, एकदा वर आणि एकदा तळाला. नाव त्याखाली. हाक मारणाऱ्याच्या यादीत नाव उच्चाराप्रमाणे देवनागरीत हवं, मूल चुकीच्या नावाला उठत नाही. सहा भेटी जादा ठेवा, नाव न घालता, बाहेर फक्त वयगट. न नोंदवलेलं धाकटं भावंड येतंच, आणि सगळ्यांसमोर त्याचे हात रिकामे राहता कामा नयेत.

पालक प्रतिनिधी:

भेटींचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आधी. लुकलुकणाऱ्या बांगड्या आणल्यात ना? त्यांत बटण सेल असतो. सीआर २०३२ प्रकारचा सेल म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकतो, आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सेलच्या विद्युतप्रवाहाने तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ तयार होतो, भाजतं ते त्यामुळे. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी न काढता थेट तातडीच्या विभागात. गव्हाणीजवळच्या बॅटरीवरच्या मेणबत्त्यांतही बहुधा हाच सेल असतो.

खरेदी:

काकू, ४० बांगड्या घेऊन झाल्यात, परत होणार नाहीत.

पालक प्रतिनिधी:

मग एकेक उलटी करून बघा. सेलच्या झाकणाला स्क्रू असेल आणि तो घट्ट असेल तर ९ च्या वरच्यांना द्या. नखाने उघडणारं झाकण असेल तर एकही वाटू नका, पैसे गेले तरी चालतील. पोरांच्या हातांत तासभर राहिल्यावर ती झाकणं सैल होतात. आणि फुगे: फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो. फुटला की तुकडे लगेच वेचणारं माणूस नेमा.

हॉल आणि किल्ल्या:

हेलियमचे फुगे मुळीच नकोत. सुटलेला फुगा उंच छताला जाऊन बसतो, रात्री हळूहळू खाली येतो, आणि हलला की चोर-अलार्म वाजतो. अलार्मला धावायचं आम्हालाच.

सांताची तयारी:

खुर्चीच ठेवा, पण हात नसलेली, आणि शेजारी एक स्टूल. मूल स्टुलावर बसेल किंवा उभं राहील. मांडीवर कोणालाच घ्यायचं नाही, पालक नजरेच्या टप्प्यात हवेत. रडणाऱ्याला आईच्या कडेवरच भेट द्या, पुढे ढकलू नका.

पोशाखाचं: उशी नुसती खोचली की अर्ध्या तासात गुडघ्यांवर येते. जुन्या बनियनला आतून चारी कोपऱ्यांत टाके घालून ती शिवा. दाढीच्या इलास्टिकला कानामागे पिन लावा. मिशी नाकाखाली घट्ट बसली की श्वास वर जातो आणि चष्म्यावर वाफ धरते, म्हणून चष्मा शक्यतो काढूनच. हातमोज्यांनी कागदावरचा क्रमांक धरून वाचता येत नाही, तेव्हा वाचायचं काम पोत्याजवळच्याचं. बूट बदला, मुलं बाबांचे बूट ओळखतात. आणि कापसाची दाढी, देवदूतांचे कापसाचे पंख: यांच्या आसपास खरी मेणबत्ती एकही नको. कापूस क्षणात पेट घेतो.

संडे स्कूल शिक्षिका:

मेंढपाळांच्या काठ्या खेळ संपताच काढून घ्या, रांगेत त्या डोळ्यांत जातात. आणि सांता जन्मकथा संपल्यावरच दिसू द्या. तो खिडकीतून जरी दिसला तरी मग गव्हाणीकडे कोणी बघत नाही.

मुलांचा विभाग:

ठरलं. खुर्ची मंचाच्या डाव्या हाताला, येणं मधल्या वाटेने, जाणं बाजूच्या दाराकडून. चार पोती, वयानुसार. सर्वांत लहान मुलं आधी, ती ४ नंतर टिकत नाहीत. फोटो खूप झाले तर गटफोटोवर या, त्यासाठी दादांनी १५ व्या मुलाला घड्याळ बघायचं: पावणेचारच्या पुढे गेलो असलो तर एकटे फोटो बंद.

बांगड्या तपासायला शुक्रवारी ७ वाजता दोघं हवेत, बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन. कोण येतंय?

खरेदी:

मी येतो. अजून एक हवा.