डायलिसिसच्या चार तासांत बाबांना कोणत्या कविता वाचून दाखवू?

नमस्कार मंडळी. बाबांचं डायलिसिस सुरू होऊन सात महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. मी शेजारी स्टुलावर बसून असते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. साखरेने डोळे अधू झाले, तेव्हापासून पेपर सुटला. सुरुवातीला शेजारच्या बेडवरच्या काकांशी गप्पा मारायचे, सिस्टरना गाव विचारायचे. दिवाळीनंतर तेही थांबलं. मागच्या बुधवारी सुया लावून झाल्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "बाळा, हे सगळं कशासाठी चाललंय?" मला काही बोलता आलं नाही. मशीन सुरू झालं की त्यांना थंडी वाजते, म्हणून पायांवरची चादर नीट केली, एवढंच.

मैत्रिणीने प्रेरणादायी कवितांचं एक पुस्तक दिलं होतं, त्यातल्या दोन वाचल्या. ऊठ, लढ, हरू नकोस, अशा. ज्या हातात फिश्चुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) नाही तो हात वर करून बाबांनी मला थांबवलं. "मला कुणी उठवू नका गं. उठता आलं असतं तर उठलो नसतो का?"

आमचं मूळ गाव सिन्नरकडचं. निवृत्तिनाथांची पालखी त्या वाटेने जाते, आजोबा दिंडीत असायचे. बाबांच्या कानावर लहानपणी पुष्कळ पडलेलं आहे. पण आई गेल्यापासून ते देवासमोर उभे राहिलेले नाहीत आणि मला त्यांना ओढून न्यायचं नाही. ज्याने माणसाला थोडी उभारी येते असं काय वाचू? कसं वाचू? मी कवितेतली जाणकार नाही.

---

कापूसवेचणी

ताई, मी जळगावकडची. माझे मालक गेले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, पदरात दोन पोरं. समजूत घालायला जो येई तो 'धीर धर' म्हणे. धीर कुठे धरायचा हे कोणी सांगत नव्हतं. त्या दिवसांत शाळेतल्या बाईंनी बहिणाबाईंचं पुस्तक दिलं. उघडलं आणि हे समोर आलं:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

मी पुस्तक मिटलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडले. माझं जे झालं होतं ते जसंच्या तसं कोणीतरी बोललं होतं. तिच्याही कपाळावरचं कुंकू असंच पुसलं गेलं होतं. दुसऱ्या एका कवितेत ती स्वतःच्याच जिवाला सांगते, 'रडू नको माझ्या जीवा, तुले रड्याची रे सव'. हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. ती आधी माझ्याजवळ बसली, मग बोलली, म्हणून ऐकलं.

अजून एक सांगते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता तोंडात येई ते गाणं. मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून राहिलं, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. तेव्हा ही गाणी डोळ्यांसाठी नाहीतच. बाबांना दिसत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन-चार कडवी पाठ करा आणि भाकरी थापताना म्हणतो तशी सहज म्हणा.

---

टाळकरी

ताई, गावच्या भजनात टाळ धरून मला बावीस वर्षं झाली, त्या अधिकाराने नव्हे पण त्या सवयीने सांगतो. देवाशी अबोला धरलेल्या माणसाला तुकोबाच चालतात. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय: 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. झाकपाक नाही. आणि तोच माणूस म्हणतो, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें'. हे ऐकून मला तरुणपणी राग यायचा. बरं कसं झालं? मुलाची नोकरी गेली, घर विकावं लागलं, त्या वर्षी हाच अभंग म्हणताना माझा आवाज बसला. अर्थ उलगडला असं म्हणणार नाही. पण एवढं कळलं की इतकं सोसूनही माणूस देवाशी बोलायचा थांबला नव्हता. भांडला, रुसला, पण बोलत राहिला.

बाबांना श्रद्धेचं काही सांगू नका. 'कन्या सासुऱ्यासी जाये' घ्या. लहान आहे, चाल सगळ्यांना ठाऊक. आणि एक करा, अर्धी ओळ म्हणून थांबा. लहानपणी कानावर पडलेलं असेल तर उरलेली अर्धी त्यांच्या तोंडून येईल. नाही आली तर तुम्ही म्हणा.

---

रात्रपाळी

मी डायलिसिस युनिटलाच सिस्टर आहे. कवितेचं मला कळत नाही, वेळेचं सांगते. पहिला अर्धा तास सोडून द्या, तेव्हा पेशंट धास्तावलेला असतो. दुसरा तास सगळ्यात बरा. शेवटच्या तासात बीपी उतरतो, पायात गोळे येतात, तेव्हा काही वाचू नका. पाय चोळा, आणि गरगरतंय म्हणाले तर लगेच आम्हाला हाक मारा. आणि आवाज हळू ठेवायची गरज नाही हो. बाकीच्या बेडवरचेही ऐकतात.

---

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण पहिल्या तीन वेळा काहीच घडलं नाही. बहिणाबाई ऐकताना बाबा डोळे मिटून पडून राहिले. 'मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर' म्हटलं तेव्हा मात्र मान हलवली आणि आमच्या खिल्लाऱ्या बैलाचं नाव घेतलं. तो रोज दावं तोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरायचा.

परवा, शुक्रवारी, दुसऱ्या तासाला मी म्हटलं, "कन्या सासुऱ्यासी जाये," आणि थांबले. मशीनची घरघर तेवढी चालू होती. मग बाबा म्हणाले, "मागें परतोनी पाहे." आजोबांच्या चालीत. माझ्या लग्नात बाबा गाडी निघेपर्यंत पाठ फिरवून उभे होते, ते मला तिथे आठवलं. मला पुढचं म्हणवेना, पुढचं त्यांनीच म्हटलं. शेवटी आलं, 'जीवनावेगळी मासोळी'. तिथे ते अडले. "बाळा, इथे जीवन म्हणजे पाणी ना?" मी हो म्हटलं.

तुम्हाला सांगते, बाबांना दिवसाला एक लिटरच पाणी आहे. डाळीतलं, चहातलं, गोळीबरोबरचं घोटभर, सगळं त्यात धरून. मी बाटलीवर पेनाने रेघा मारून ठेवल्यात. रात्री तहान लागते तेव्हा ते ओठांवरून ओलं फडकं फिरवतात आणि मला कळू नये म्हणून दिवा लावत नाहीत.

बाबा म्हणाले, "तुकोबाला ठाऊक होतं बघ. मासोळी." आणि शेजारच्या काकांकडे तोंड वळवून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत का? आपलंच लिहिलंय." काकांनाही पाणी मोजूनच आहे. ते उठायचा प्रयत्न करत म्हणाले, "परत म्हणा."

बाबांनी परत म्हटलं, या वेळी शेवटपर्यंत. 'तैसा तुका तळमळी.'

'कशासाठी' याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं, सोमवारी काय आणणार आहेस? टाळकरी दादा, 'बरें झालें देवा' इतक्यात वाचू की थोडं थांबू? आणि गाथेची मोठ्या अक्षरातली प्रत मिळते का? काकांना अजून दिसतं, त्यांनाही वाचायचंय.